फॉरमॅटवाले भाऊ

नंदुरबार जिल्ह्यात शहादा, तळोदा, नवापूर, कुठेही उतरा. झेरॉक्स आणि रिचार्जच्या पाटीखाली हा इसम सापडतोच. २००१ नंतर गावोगावी एमएस-सीआयटी पोहोचलं, त्या शिदोरीवर भाऊ आजतागायत विंडोज ‘मारतात’. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला, हे ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, प्रिंटर यांनीच जोडला होता.

निदान एकच: “फॉरमॅट मारावं लागेल.” लॅपटॉप हँग होतो? फॉरमॅट. कीबोर्डवर चहा सांडला? आधी फॉरमॅट, मग बघू. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०वरचा हात काढला आणि भाऊंचा सीझन बारमाही झाला.

मारण्याआधी ते विचारतात मात्र. “नाना, सीमध्ये काही आहे का?”

“काही नाही भाऊ, सगळं डेस्कटॉपवर आहे.”

दोघांचंही समाधान होतं. डेस्कटॉप सी ड्राइव्हच्याच पोटात असतो हे भाऊंना चांगलं ठाऊक असतं; फक्त ते आठवतं इन्स्टॉलेशन निम्म्यावर आल्यावर.

संध्याकाळी नाना परत. “काय व्हयनं हो भाऊ? पोरीच्या हळदीचा व्हिडिओच गायब!”

“नाना, मिरचीच्या गोण्या गोदामातच आहेत, नोंदवही तेवढी फाटली.” हे मात्र भाऊ खरं बोलतात. क्विक फॉरमॅटमध्ये हार्ड डिस्कवरचा मजकूर पुसला जात नाही, कुठे काय ठेवलंय याची नोंद जाते. (एसएसडी असती तर ‘ट्रिम’ने गोण्याही साफ केल्या असत्या.) पण नव्या विंडोजने वीसेक जीबीचं बस्तान त्याच जागेत मांडलेलं असतं, आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअरही भाऊ सी ड्राइव्हवरच टाकतात. तिथे हळदीचं काय काय दबलं, देव जाणे.

रात्रभर फोटोरेक चालतं. हे सॉफ्टवेअर फाइल ओळखतं तिच्या आतल्या खुणांवरून. तिचं मूळ नाव त्याच्या गावीही नसतं. त्यामुळे ‘हळद फायनल’ची होते ‘एफ०४८२१७६’. सकाळी भाऊ विजयी मुद्रेने हजारो फोटो दाखवतात. निम्मे निघतात ब्राउझरने साठवलेले नखाएवढे आयकॉन. विनातक्रार वाजतं ते विंडोजचं स्वतःचं ‘टिंग’.

हळदीची फाइल दीड जीबी भरते. डबल क्लिक केलं की नुसता काळा पडदा.

“कोडेक नाही,” भाऊ. मग व्हीएलसी, मग के-लाइट, मग आणखी काहीबाही. हा अंदाज अगदीच टाकाऊ नव्हे. नव्या फोनचं एचईव्हीसी शूटिंग बऱ्याच लॅपटॉपवर वेगळं कोडेक टाकल्याशिवाय दिसत नाही आणि व्हीएलसी ते गुमान चालवतं. तसल्या केसमध्ये भाऊ मिनिटभरात देवमाणूस ठरतात. इथलं दुखणं वेगळं. एमपी४ फाइलमध्ये ‘मूव’ नावाचा भाग असतो. कोणती फ्रेम कुठे सुरू होते ते त्यात लिहिलेलं. कॅमेरे तो बहुधा शूटिंग संपल्यावर, शेवटी लिहितात. फाइल डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असली, की धड एकीचं आणि शेपूट दुसरीचं असा संकर हाती येतो. त्यापुढे कोडेक काय करणार?

उपाय आहे. त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर काढलेली एखादी धड क्लिप मिळाली, तर तिच्या आधाराने हा भाग पुन्हा रचता येतो. भाऊंना तेही माहीत आहे. सांगतात चौथ्या कोडेकनंतर. तोवर शूटिंगवाला सारंगखेड्याला घोडेबाजारात गेलेला असतो आणि त्याचा फोन बंद.

नाना हिरमुसून एकेक फाइल उघडत बसतात. अचानक एक व्हिडिओ चालतो: स्वच्छ चित्र, खणखणीत बँड, अख्खी वरात. फक्त लग्न भलत्याच घरातलं. लॅपटॉप सेकंड हँड, भाऊंनीच विकलेला, आणि आदल्या मालकाचं लग्न डिस्कच्या तळाशी शाबूत राहिलेलं. भाऊ घाईघाईने खिडकी बंद करायला जातात, तर नाना त्यांचा हात धरतात.

“थांबा, थांबा! फेटेवाला आपल्या तळोद्याचा व्याही ना? नाचतोय बघा कसा! हे पेनड्राइव्हवर टाकून द्या.”

पेनड्राइव्हचे पैसे भाऊ वेगळे लावतात.