पोरं मोजत नाही, पैसे मोजतो

(रंगमंचावर एक गुंडाळलेली गादी, गॅसचा लाल सिलिंडर. नट फोनवर बोलत येतो.)

हॅलो काका, कर्वेनगरच्या फ्लॅटमधून बोलतोय. आमचा सांगलीकर चाललाय... बंगळूरला, नोकरी लागली... आनंद आहेच हो, पण भाडं? आता आम्ही तिघंच... चोवीसच? बरं. बरं काका.

(फोन ठेवून) म्हणाले, "पोरं किती ते मी मोजत नाही, मी पैसे मोजतो." म्हणजे प्रत्येकी सहाचे झाले आठ हजार!

एजंटकडे गेलो. म्हटलं, करारातून याचं नाव खोडा. तो असा हसला की मी खिशातलं पाकीट दाबून धरलं. "खोडायला ती काय किराण्याची वही आहे? रजिस्टर झालेला लीव्ह अँड लायसन्स आहे! मशिनवर चौघांचे अंगठे लागलेत." म्हटलं, मग राहू दे तसंच. "राहू दे की! उद्या भाडं थकलं की काका म्हणणार, कागदावर चौघं आहेत. आणि तो बंगळुरात बसून म्हणणार, मी कधीच सोडलं."

वर कायदा ऐकवला. १९९९चा भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५. करार लेखी हवा, रजिस्टर हवा. नसला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. क्षणभर मला काका गजाआड दिसले. फार बरं वाटलं.

नव्या कराराचा खर्च? स्टँप ड्युटी पाव टक्का. चोवीस हजार भाडं, अकरा महिने, साठ हजार डिपॉझिट, म्हणजे पावणेसातशेच्या आसपास. रजिस्ट्रेशन हजार. आणि एजंटचा सर्व्हिस चार्ज. तो मात्र कुठल्याच कलमात सापडत नाही.

इकडे सांगलीकराला त्याचे पंधरा हजार आजच हवेत. काका म्हणतात, डिपॉझिट करार संपल्यावर, रंगाचे पैसे कापून. आणि तिकडे बंगळुरात घरमालकानं मागितलंय दहा महिन्यांचं डिपॉझिट! म्हणून तो आमच्याकडून वसुलीला बसलाय. त्यात हा सीएची आर्टिकलशिप केलेला माणूस. फ्रिजवर घसारा लावला. मिक्सरवर लावला. पायपुसण्यावरसुद्धा लावला!

मग वळला याच्याकडे. (सिलिंडरवर थाप मारतो.) बॅगा तोलायचा हुक आणला, सिलिंडर लटकवला. काटा वीस किलो सातशे. मग खाली बसून, मोबाईलच्या उजेडात, वरच्या कड्यावर रंगवलेलं रिकाम्या टाकीचं वजन वाचलं: पंधरा तीनशे. "भावा, आत पाच किलो चारशे गॅस हाय. माझा वाटा एक किलो साडेतीनशे. हिशोब म्हंजे हिशोब!" म्हटलं, डबा आण, भरून देतो.

आता चौथा शोधायचा. एक आला, म्हणाला नाइट शिफ्ट आहे, दिवसा लाइट बंद लागते. दुसरा आला तो आईला घेऊन. आईंनी बाथरूम पाहिलं आणि चपलाच घातल्या.

(फोन वाजतो.) हां काका... काय, चौथा मिळाला? तुमचा भाचा? वा! देव पावला! मग त्याचे सहा हजार तुमच्याकडे देणार की आमच्या... काय?

(फोन छातीशी धरून, प्रेक्षकांना) म्हणतात, "अरे, घरच्या पोराकडून कुणी भाडं घेतं का?"

(अंधार.)