पाणी कुठं मुरतंय?

नांदेड-लातूरला समुद्र नाही. तरी पुढाऱ्यांचे ‘किनारी’ दौरे आम्हाला नवे नाहीत. आमचे किनारे दोन : नांदेडला गोदावरीचा, लातूरला मांजरेचा. पहिल्यावर पूर आला की साहेब येतात, दुसऱ्यावर पाणी आटलं की. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं; पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. त्याच आठवड्यात औसा तालुक्यातल्या बेलकुंडला मंत्रिमहोदय उतरायचे होते. धूळ उडू नये म्हणून हेलिपॅडवर १० हजार लिटर पाणी मारल्याच्या बातम्या झळकल्या. रांगेतल्या घागरी बघत राहिल्या. पाणी कुठं मुरतंय, हे मराठवाड्यात शोधावं लागत नाही. हेलिकॉप्टरमधून स्वच्छ दिसतं.