किती देते?

मराठी माणूस नवी गाडी बघायला जातो तेव्हा आधी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो, टायरला बुटाने हलकेच ढोसून पाहतो आणि मग मुद्द्यावर येतो : "किती देते?" रंग, वेग, एअरबॅगा हे सगळं नंतर. उत्तर आलं की त्यातून मनातल्या मनात चार-पाच वजा करायचे, हा पुढचा विधी. खरं तर मायलेजचे आकडे ठरवणारी एआरएआय ही 1966 सालची संस्था आमच्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. तिथे गाडी रोलरवर जागच्या जागी पळवतात आणि ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे थांबवतात, हाकतात. पण रोज सकाळी त्या टेकडीवर फिरायला जाणारी मंडळीच त्या आकड्यांवर सर्वांत कमी विश्वास ठेवतात. रोलरवर खड्डा नसतो आणि कर्वे रस्ताही नसतो.

हा प्रश्न भाच्याबरोबर अमेरिकेतही गेला. तो न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. 2023 साली त्याला गाडी घ्यायची होती आणि टोयोटाची प्रियस घ्यायची हे ठरलं होतं. पेच एवढाच, की साधी हायब्रिड घ्यायची की प्लग लावून चार्ज होणारी प्रियस प्राइम. "मामा, तू स्कूटरचं ॲव्हरेज डायरीत लिहून ठेवायचास ना? मग आता तूच सांग," असं म्हणून त्याने मला एक एक्सेल फाइल धाडली. घर घेताना त्याने इतके रकाने भरले नव्हते.

साधी प्रियस म्हणजे अत्यंत सोशिक गाडी. 1997 च्या डिसेंबरात ती जपानात पहिल्यांदा विकायला आली. पोटात एक पेट्रोल इंजिन, दोन मोटरी आणि एक छोटी बॅटरी. आपण ब्रेक मारला की एरवी जी शक्ती ब्रेकच्या उष्णतेत उधळली जाते, तीच ही गाडी बॅटरीत साठवते आणि सिग्नल सुटला की पुन्हा वापरते. त्यामुळे शहरात हिचं मायलेज हायवेपेक्षा कमी पडत नाही, उलट किंचित जास्तच भरतं. नव्या मॉडेलला अमेरिकी सरकारी चाचणीत गॅलनला 57 मैल मिळाले, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साधारण 24 किलोमीटर. आणि मालकाने यासाठी काय करायचं? काहीही नाही. पेट्रोल भरायचं आणि रेडिओ लावायचा.

प्राइमची गोष्ट निराळी. तिच्यात 13.6 युनिटची मोठी बॅटरी. रात्री घरी प्लग लावला की दुसऱ्या दिवशी पहिले 44 मैल, म्हणजे सत्तरेक किलोमीटर, पेट्रोलचा थेंबही न जाळता. बॅटरी संपली की ती मुकाट्याने साध्या हायब्रिडसारखी चालू लागते, फक्त गॅलनला 57 ऐवजी 52 मैल देते, कारण दीडशे किलोंच्या आसपास जादा वजन अंगावर असतं. गाडीच्या काचेवरच्या सरकारी चिठ्ठीत मात्र 127 चा आकडा मोठ्या टायपात असतो. एक गॅलन पेट्रोल म्हणजे 33.7 युनिट वीज असं धरून काढलेला तो आकडा. ऊर्जेच्या दृष्टीने अगदी खरा. पण पंपावर आणि वीजबिलावर आपण ऊर्जेचे पैसे देत नाही; पेट्रोलचे देतो आणि युनिटचे देतो.

मग मी जुन्या सवयीने पाठकोऱ्या कागदावर बसलो. वाहतूक खर्च सोडून साध्या प्रियसची किंमत तेव्हा 27,450 डॉलरपासून सुरू होत होती, प्राइमची 32,350 पासून. फरक 4,900. भाचा वर्षाला 10,000 मैल चालवतो आणि ते सगळेच्या सगळे विजेवर चालवतो असं धरलं. इतकं पुण्य कुणाच्याच हातून होत नाही, पण मामा म्हणून धरलं. साध्या प्रियसला त्यासाठी 175 गॅलन लागतील, गॅलनला 3.30 डॉलर धरले तर झाले 580 च्या आत-बाहेर. प्राइमला 100 मैलांना 26 युनिट, म्हणजे वर्षाला 2,600. युनिट 18 सेंटला धरलं तर 468 डॉलर. वर्षाची बचत 110 डॉलर. वरचे 4,900 वसूल व्हायला 44 वर्षं.

मी बेरीज पुन्हा केली. 44 च.

कॅलिफोर्नियात युनिटला 35 सेंट मोजणाऱ्या माणसाचं तर याहून वाईट. तिथलं पेट्रोल महाग असूनही, गॅलनला 4.80 डॉलर धरले तरी, विजेवर चालणं पेट्रोलपेक्षा महाग पडतं. यात प्राइमचा काही दोष नाही. गॅलनला 30 मैल देणारी साधी पेट्रोल गाडी 10,000 मैलांना 333 गॅलन पिते. त्यातले 158 गॅलन बिचाऱ्या साध्या प्रियसने बोभाटा न करता आधीच वाचवलेले असतात. प्लगसाठी तिने फारसं काही शिल्लकच ठेवलेलं नसतं. 2017 च्या सुमाराला प्राइमवर सरकार साडेचार हजार डॉलरची करसवलत देत असे, तेव्हा हिशेब सरळ होता. पण 2022 च्या कायद्याने उत्तर अमेरिकेत जुळणी झालेल्या गाडीच्याच खरेदीला सवलत ठेवली, आणि प्राइम येते जपानहून.

पैशांपेक्षा मला गंमत वाटली ती माणसाची. साध्या हायब्रिडचं मायलेज गाडीच्या अंगात असतं, प्लगवालीचं मालकाच्या. घरून डबा न्यावा तसं हे आहे : भरून नेला तर कँटीनचे पैसे वाचतात, विसरलात तर कँटीन आहेच, पण रिकामा डबा दिवसभर खांद्यावर वागवावा लागतो तो वेगळाच. ब्रिटनमध्ये कंपनीच्या पैशांनी घेतलेल्या काही प्लगवाल्या गाड्यांच्या चार्जिंगच्या केबली वेष्टणातूनही निघाल्या नव्हत्या, असं 2018 साली उघडकीस आलं. पेट्रोल कंपनीचं, मग रात्री पावसात वायर कोण ओढत बसणार? युरोपीय आयोगाने 2024 साली रस्त्यावरच्या खऱ्या गाड्यांचे आकडे काढले, तर प्लगवाल्या हायब्रिडांचा कार्बन धूर प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीनपट निघाला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचा फरक फक्त वीस टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे मनातल्या मनात चार-पाच वजा करणारे आमचे टेकडीवरचे लोक प्लगवाल्यांच्या बाबतीत फारच उदार ठरतात.

दुसऱ्या टोकाचेही भक्त असतात. शेव्हर्लेच्या व्होल्ट गाडीचे काही मालक प्लग लावण्यात इतके काटेकोर, की टाकीतलं पेट्रोल वर्ष वर्ष तसंच राहायचं. पेट्रोल शिळं होतं. म्हणून त्या गाडीत सोयच केलेली होती : फार जुनं झालं की ती आपणहून इंजिन सुरू करून ते जाळून टाकते. एवढी काटकसर केली, की शेवटी गाडीलाच मालकाच्या वतीने उधळपट्टी करावी लागली!

आपल्याकडे हा पेच अजून सामान्य माणसाच्या दारात आलेला नाही. प्लगवाल्या हायब्रिड इथे येतात त्या बहुतेक आलिशान घरातल्या; त्यांचे मालक ॲव्हरेज विचारत नाहीत. ग्रँड व्हिटारा, हायरायडर या लिटरला 27.97 चा दाखला घेऊन आलेल्या आपल्या हायब्रिडांना प्लग नाही, आणि माझ्या मते ती त्यांची मोठीच जमेची बाजू आहे. प्लग म्हटला की पार्किंगमध्ये पॉइंट आला, पॉइंट म्हटला की सोसायटीची एनओसी, आणि एनओसी म्हटली की सर्वसाधारण सभा. त्या सभेत लिफ्टची थकबाकी निघाल्याशिवाय राहत नाही. ब्रेकमधून वीज काढायला कुठल्याही सेक्रेटरीची सही लागत नाही.

हे सगळं मी भाच्याला सविस्तर कळवलं. त्याने शेवटी प्राइमच घेतली. कारणं विचारली तर म्हणाला, साधीत 194 अश्वशक्ती, हिच्यात 220. शिवाय न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला 1949 पासून कायद्याने बंदी आहे. थंडीत पंपावर भरणाऱ्या मुलाची वाट बघत बसण्यापेक्षा गॅरेजमध्ये वायर खोचलेली बरी. भाचेसून म्हणाली, वायर खोचायची कुणी यावर आठवड्यातून एकदा वाद होतो, पण तो घरातल्या घरात.

"आणि 44 वर्षांचं काय?" मी विचारलं.

"मी आत्ता 34 चा आहे, मामा. 78 व्या वर्षी गाडी वसूल होईल आणि पुढे दरवर्षी 110 डॉलर निव्वळ नफा. त्या वयात तेवढी पेन्शन वाईट का?"