वाटाण्याएवढं तारुण्य

रेटिनॉल रात्री लावायचं असतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाची तरुण दिसण्याची हौस अंधारात भागलेलीच बरी. दिवसा आम्ही 'चेहऱ्यात काय आहे हो, माणूस मनानं तरुण हवा' म्हणायला मोकळे.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "तोंड धुऊन, पूर्ण कोरडं करून, वाटाण्याएवढंच घ्यायचं. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. डोळ्यांच्या कडा, ओठांचे कोपरे सोडून. ही त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून सकाळी सनस्क्रीन. आणि तीन महिने आरशाला काही विचारायचं नाही."

बाकी सगळं समजलं. पण वाटाण्याएवढं म्हणजे केवढं? सासवडचा ताजा, टपोरा वाटाणा, की शेंगेच्या टोकाला दबून बसलेला त्याचा धाकटा भाऊ? पिशवीतला गोठवलेला, सुरकुतलेला चालेल? (तो मला आधीपासूनच जवळचा वाटतो.) रगड्याचा पांढरा घ्यावा, तर भिजवण्याआधीचा की नंतरचा? रात्रभरात तो दुपटीनं फुगतो. आमच्या हिचं माहेर मालवणकडचं. तिकडे वाटाणा म्हटला की काळा, आणि तो सांबाऱ्यासाठी, तोंडाला फासण्यासाठी नव्हे. शेवटी हिनंच ट्यूब माझ्या हातातून काढून घेतली, बोटाच्या टोकावर एक टिकली काढली आणि म्हणाली, "हा वाटाणा. झोपा आता."

एवढ्याशा टिकलीचा प्रवास मात्र मोठा. कातडीत शिरल्यावर रेटिनॉलचं आधी रेटिनाल्डिहाइड होतं, मग रेटिनोइक आम्ल. सरकारी फाइलीसारखी दोन टेबलं ओलांडल्याशिवाय काम सुरूच होत नाही. मग पेशी भराभर बदलू लागतात, खाली कोलॅजन वाढतं. ते खालचं दिसायला महिने लागतात. वरचं लगेच दिसतं : नाकाशेजारी कोंडा, हनुवटीवर पापुद्रे. कट्ट्यावर एकानं विचारलंच, "ऊन लागलं काय हो?" म्हटलं, "हो ना, शेतावर होतो." शेत वडिलांनीच विकून टाकलंय.

या रेटिनॉलचा थोरला भाऊ ट्रेटिनॉइन. फिलाडेल्फियाच्या डॉ. आल्बर्ट क्लिगमन यांनी ते मुरमांवर वापरलं. 1971 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पुढे वयस्कर रुग्ण सांगू लागले की, सुरकुत्याही कमी दिसतात. इथपर्यंत मी खुशीत वाचत होतो. पण याच क्लिगमननी 1951 ते 1974 होम्सबर्गच्या तुरुंगात कैद्यांच्या अंगावर नाना रसायनांचे प्रयोग केले. कैदी बहुतेक काळे, पैशांसाठी पाठ पुढे करणारे. त्या पाठीवर काय लावलंय, हे त्यांना धड सांगितलंही जात नव्हतं. कुणाच्या पाठीवरचे डाग आणि कुणाच्या गालांची तुकतुकी! चीड आली. त्या रात्री ट्यूब उघडली नाही.

दुसऱ्या रात्री उघडली. चीड होती तिथेच होती. सुरकुत्याही होत्या तिथेच होत्या.

आता पापुद्रे गेलेत. परवा बाहेर पडताना धीर करून हिला विचारलं, "काही फरक वाटतो?" हिनं चष्मा लावला, हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, बराच वेळ निरखलं.

"कानाशी सनस्क्रीन पांढरं राहिलंय," म्हणाली, "पुसा."