बंधुराज

अमेरिकेतल्या कुठल्याही जुन्या विद्यापीठाच्या गावात उन्हाळ्याची सुट्टी संपली की बंधुराज दिसू लागतात. वय वीस. टोपी उलटी, टी-शर्टवर दोन-तीन ग्रीक अक्षरं, थंडी असो वा नसो खाली अर्धी चड्डी, आणि उजवा हात कायम पुढे. समोरच्यानं तो हात हातात घेईपर्यंत त्याचं नाव, गाव, विषय आणि फुटबॉलचा लाडका संघ एवढी माहिती काढून झालेली असते. तासाभरानं पुन्हा गाठ पडली की बंधुराज त्याला नावानिशी हाक मारतात. पहिल्यांदाच घर सोडून आलेल्या अठरा वर्षांच्या पोराला हजारोंच्या गर्दीत कोणीतरी नावानं हाक मारतं, आणि पोरगं तिथल्या तिथे निम्मं सभासद होतं.

बंधुराज आपल्या फ्रॅटर्निटीचे, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या बंधुमंडळाचे, 'रश चेअर' असतात. नवी पोरं जमवणं हे त्यांचं काम. उरलेल्या वेळात ते व्यवस्थापनशास्त्र शिकतात, असं त्यांच्या आईचं मत असतं.

संशोधनाच्या काळात मी अशाच एका फ्रॅटर्निटीच्या घराशेजारी भाड्यानं राहायचो, म्हणून हे सगळं मला खिडकीतून, फुकट आणि रात्री अडीचपर्यंत बघायला मिळालं. घर दिमाखदार. दर्शनी भागी चार पांढरे ग्रीक खांब. त्यांतल्या एकावर टकटक केली तेव्हा आतून पोकळ आवाज आला. ओसरीवर एक सोफा. तो पावसात भिजे, बर्फात गोठे, मे महिन्यात वाळे आणि ऑगस्टात नव्या सभासदांच्या स्वागताला पुन्हा सज्ज असे. आत गेलं की पहिल्यांदा जाणवते ती जमीन. ती चपला सोडत नाही. मग भिंती. भिंतींवर वर्षावर्षाच्या भल्यामोठ्या तसबिरी, प्रत्येकीत एकसारखा कोट-टाय घातलेले पन्नास-साठ चेहरे लंबगोलांत बसवलेले. बंधुराज नवख्याला या तसबिरींपुढून फिरवतात. "हा आता बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. हा सिनेटर होता होता राहिला. आणि हे माझे काका." काकांचे केस १९८५ सालचे आणि भरघोस असतात.

मग इतिहास येतो. तो १७७६ पासून सुरू होतो, कारण त्या वर्षी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा कॅपा ही पहिली ग्रीक अक्षरी संस्था निघाली. "स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि आपण एकाच वर्षीचे!" असं सांगताना बंधुराजांची छाती फुगते. फाय बीटा कॅपा वादविवाद आणि साहित्यचर्चेसाठी निघाली होती, आज ती अव्वल गुणवंतांचाच मान करते आणि बंधुराजांना त्यांचे गुण पाहता दारातही उभं करणार नाही, हा तपशील ते गाळतात. त्यांच्या जातकुळीची खरी सुरुवात १८२५ सालची, न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजातली, कॅपा अल्फा सोसायटीपासून. पण १८२५ला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची जोड नाही, त्यामुळे भाषणात ते साल बसत नाही.

आठवडाभर बर्गर, बास्केटबॉल आणि पाठीवर थापा झाल्या की निवडक पोरांना 'बिड' मिळते, म्हणजे आमंत्रण. ते घेतलं की पोरगं 'प्लेज' होतं. हल्ली कागदोपत्री 'न्यू मेंबर' म्हणतात, भांडी मात्र तेवढीच घासावी लागतात. शनिवारी रात्री लोकांनी टाकलेले लाल प्लास्टिकचे पेले रविवारी सकाळी अंगणातून वेचायचे. ग्रीक वर्णमाला पाठ करायची, आणि जुन्या वळणाच्या घरांत ती पेटलेली आगकाडी बोटांना चटका द्यायच्या आत म्हणून दाखवायची. संस्थापकांची नावं, बोधवाक्य, फूल, रंग, सगळं मुखोद्गत. कॅल्क्युलसच्या परीक्षेत पडणाऱ्या पोरांची ही स्मरणशक्ती बघून मी थक्क व्हायचो. मग प्रत्येकाला एक 'बिग ब्रदर' मिळतो, छातीला पिन लागते, शेवटी दीक्षाविधी होतो आणि गुप्त हस्तांदोलन शिकवलं जातं. हे अतिगुप्त हस्तांदोलन मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिवसातून दोनदा दिसायचं.

आणि वर्गणी. हा विषय बंधुराज पहिल्या आठवड्यात काढत नाहीत. दर सत्राला शेकडो डॉलर, कुठे हजारांत. घरात राहिलं तर खोलीचं भाडं आणि जेवण वेगळं. टी-शर्ट मात्र मिळतात. प्रत्येक मेजवानीचा वेगळा, प्रत्येक देणगी मोहिमेचा वेगळा. वर्गणीचा एक हिस्सा विम्यात जातो. भावाभावांच्या प्रेमाला विमा लागतो हे मला तिथेच कळलं. घरात एक 'रिस्क मॅनेजर'ही निवडलेला असतो. अमेरिकेत एकविसाव्या वर्षाआधी दारू चालत नाही आणि घरातली बहुतेक मंडळी अठरा ते वीसमधली, त्यामुळे या पदाला काम पुष्कळ. माझ्या शेजारचा रिस्क मॅनेजर एकदा छपरावर उभा राहून "कोणी छपरावर येऊ नका" असं ओरडत होता.

बंधुराजांच्या भगिनीचा मामला याहून शिस्तीचा. सोरोरिटीत, म्हणजे मुलींच्या मंडळात, अशी वाटेत हात पुढे करून भरती होत नाही. मोठ्या विद्यापीठांत आठवडाभर फेऱ्या चालतात. मुली आधी सगळ्या घरांत जातात, मग थोड्या, मग आणखी थोड्या. दार उघडतं आणि आतून पन्नास मुली टाळ्या वाजवत गाणं म्हणतात. २०२१ मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या मुलींनी रोजचे कपडे मोबाइलसमोर दाखवायला सुरुवात केली आणि सारी अमेरिका ते बघत बसली. खरं तर हे शुद्ध कांदेपोहे आहेत: ठरलेला वेळ, ठेवणीतला पोशाख, ओठांवर हसू, आणि घरी गेल्यावर दोन्ही बाजूंनी 'हो', 'नाही', 'बघू'. फरक विषयांचा. तिकडे मुलगे, मद्य, धर्म, राजकारण आणि पैसा या पाच गोष्टींवर बोलायचं नाही असा संकेत आहे. आपल्याकडे निदान पगारावरून बोलणं सुरू तरी होतं. तिथे हवामान उरतं, आणि अलाबामात ऑगस्टमध्ये त्यावरही बोलण्यासारखं एकच वाक्य आहे.

शेवटी मुली पसंतीक्रम लिहून देतात, घरंही देतात, आणि जुळणी होते. या जुळणीवर ॲल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञानं सुझन मॉन्गेल यांच्यासह १९९१ मध्ये शोधनिबंध लिहिला. कोणाची कोणाशी गाठ घालावी याच शास्त्रासाठी पुढे २०१२ मध्ये रॉथना नोबेल मिळालं. आपल्याकडच्या वधूवर सूचक मंडळांनी याची नोंद घ्यावी.

गोऱ्यांच्या घरांची दारं एके काळी काळ्या विद्यार्थ्यांना बंद होती. त्यांनी आपली वेगळी घरं काढली: १९०६ मध्ये कॉर्नेलला अल्फा फाय अल्फा, १९०८ मध्ये हॉवर्डला अल्फा कॅपा अल्फा. पहिलीत मार्टिन ल्यूथर किंग होते, दुसरीत कमला हॅरिस. या सभासदत्वाचं वजन कॉलेजपुरतं नसतं, ते निवडणुकीत दिसतं. देशी पोरांनीही नव्वदच्या दशकात हीच वाट धरली. १९९८ मध्ये ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय निघाली. आता न्यू जर्सीतल्या एखाद्या जोशी-पाटलांकडे फोन येतो.

"बाबा, मला बिड मिळाली."

"म्हणजे होस्टेलच ना?"

"नाही, ब्रदरहूड."

"अरे, तुला सख्खा भाऊ आहे. त्याचा फोन उचलत जा की!"

आता बंधुराजांचं ते वाक्य, जे ते एका फेरफटक्यात तीनदा म्हणतात: "आमच्याकडे हेझिंग नाही." कोणी विचारलेलं नसताना. हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंग. महाराष्ट्रानं त्याविरुद्ध १९९९ मध्येच कायदा केला. पण आपल्याकडे रॅगिंग करणारा खोलीवर चालून येतो. तिथे पोरगं स्वतः अर्ज करून, पैसे भरून, चांगला शर्ट घालून त्याच्या दारात जातं, आणि निघून गेलं तर कालपर्यंतचे मित्र जातील या भीतीनं थांबतं. २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात बिड स्वीकारलेल्या रात्रीच एका एकोणीस वर्षांच्या मुलाला भरमसाट दारू पाजली गेली. तो जिन्यावरून पडला, आणि भावांनी मदतीला फोन करेपर्यंत जवळपास बारा तास गेले. मुलगा गेला. त्या घरातही कोणीतरी नावानं हाक मारणारा असणारच. इथे मला बंधुराजांवर विनोद सुचत नाही.

तरीही बंधुराज लबाड आहेत असं मी म्हणणार नाही. बर्फात माझी गाडी रुतली तेव्हा त्या घरातून सहा जण अर्ध्या चड्ड्यांत बाहेर आले, गाडी उचलल्यासारखी रस्त्यावर आणून ठेवली आणि माझं नाव विचारलं. ते बंधुराजांच्या जिभेवर बसेना, तेव्हा त्यांनी 'मिस्टर के' ठरवलं. तिथून पुढे मला अंगणातून रोज "गुड मॉर्निंग, मिस्टर के!" ऐकू यायचं, बहुतेक दुपारी एकला. बंधुराजांचा स्वतःच्या शब्दांवर विश्वास असतो. पुढे ते विमा कंपनीत लागतात, पोट सुटतं, दर शरद ऋतूत होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला, तोच टी-शर्ट ताणून घालून येतात आणि आपल्या अक्षरांचं पोरगं दिसलं की त्याचा नोकरीचा अर्ज खरंच पुढे सरकवतात. फक्त एकट्यानं 'नको' म्हणायचं त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, आणि त्या घरात एखाद्या रात्री नेमकी त्याचीच गरज पडते.

तेव्हा तुमच्या मुलाचा किंवा भाचीचा असा फोन आला तर आधी अभिनंदन करा, मग वर्गणीचा आकडा विचारा. आणि एक काम करा. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे झालेल्या हेझिंगविरोधी केंद्रीय कायद्यामुळे विद्यापीठांना दोषी ठरलेल्या संघटनांची नावं जाहीर करावी लागतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो अहवाल उघडा आणि त्या घराची अक्षरं त्यात आहेत का ते स्वतः बघा. बंधुराज त्याबद्दल सांगणार नाहीत.