कूलरकाका

बाकीच्या महाराष्ट्रात होळी जळाली की थंडी पळते. वाशिममध्ये होळी जळाली की कूलर निघतो. जिन्याखालून, न्हाणीच्या मागून, सोयाबीनच्या कट्ट्यांआडून. आठ-नऊ महिने त्या पत्र्याच्या डब्याने कांद्याची टोपली, जुनी कॅलेंडरे आणि नातवाची मोडकी तीनचाकी डोक्यावर वाहिलेली असते. ती ओझी उतरतात आणि बनियन-लुंगीतला एक गृहस्थ हातात टेस्टर घेऊन अंगणात येतो. हे कूलरकाका. प्रत्येक गल्लीत एक असतातच. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले असतील, शाळेत गणित शिकवून थकलेले असतील, नाहीतर कापडाचे दुकान मुलावर टाकून मोकळे झालेले असतील. विजेच्या कामाशी त्यांचा पोटापाण्याचा संबंध कधीच आलेला नसतो. ही त्यांची पहिली पात्रता.

दुसरी पात्रता म्हणजे त्यांचा स्वतःचा कूलर, आणि तो जुना असावा लागतो. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. काकांचा कूलर त्याच्या आधीचा. "अकोला जिल्ह्यातला माल हाये," ते अभिमानाने सांगतात. कूलर खिडकीतून हलला नाही, त्याच्याखालचा जिल्हा बदलला. त्यात मूळचे आता नेमके काय उरले आहे, हे मात्र विचारू नये. मोटर बदलली, पंप तर दर दोन वर्षांनी बदलतो, बूड गंजले तेव्हा नवा पत्रा ठोकला, जाळ्या सुनेच्या माहेरच्या भंगारातून आल्या. उरली ती चौकट.

मार्चातला सोहळा पाहण्यासारखा असतो. आधी टाकी घासायची. गेल्या वर्षीच्या बोअरच्या पाण्याने तळाशी क्षारांचा पांढरा थर धरलेला असतो. तो खरवडायला काका घरातला उलथना नेतात आणि काकूंना तो संध्याकाळी पोळीच्या वेळी आठवतो. मग गंजलेल्या जागी रेड ऑक्साइड आणि टाकीला आतून डांबर. डांबर लुंगीला लागते, लुंगी दिवाणावरच्या चादरीला लागते. शेवटी ताट्या. जुने गवत काळे पडून चुरा झालेले असते. नवे गवत जाळीत बसवताना काका ते बोटांनी पिंजतात, उजेडासमोर धरून पाहतात, एखाद्या कोपऱ्यात दोन काड्या जास्त घालतात. "पातळ जागा राहिली का हवा तिथूनच पळते," हे त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर असते. हवेला ओल्या गवतातून जाणे भाग पडले पाहिजे. कोरड्या फटीतून आली तर ती नुसती लू. आजकाल पुठ्ठ्याचे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे पॅड मिळतात आणि ते टिकतातही जास्त. काका त्यांना हात लावत नाहीत. पहिल्या दिवशी ओल्या गवताचा जो वास घरभर फिरतो, तो पुठ्ठ्याला कुठून येणार?

काकांचे विज्ञान पक्के असते, हे मान्य करावे लागेल. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि कूलरमध्ये ती आत येणाऱ्या हवेतूनच वसूल होते. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर निव्वळ पाण्याच्या जोरावर हवा फार तर २२ अंशांपर्यंत उतरू शकते. बऱ्या ताट्यांचा कूलर तिला सत्तावीस-अठ्ठावीसवर आणतो. हे आकडे काका तोंडावर फेकतात आणि एसी घेतलेल्या शेजाऱ्याला बिलाचा आकडा विचारतात. पण ओली हवा बाहेर जायला दुसरी खिडकी उघडी हवी, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना पटवण्यात त्यांचा अर्धा उन्हाळा जातो. "गारवा बाहीर जाते न काका," असे म्हणत बायाबापड्या खिडक्या लावून घेतात आणि तासाभरात घर घामेजते. मग कूलर बिघडला म्हणून काकांनाच बोलावणे येते. काका जातात, खिडकी उघडतात, चहा पितात, परत येतात. त्यांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्या अशाच.

खरी कसोटी मेमध्ये, दुपारी दोनला. पंखा फिरतो, पाणी चढत नाही. काका पंप उपसून काढतात, जमिनीवर दोनदा आपटतात, चाकात अडकलेली गवताची काडी ओढून काढतात. वरच्या नळीची भोके क्षारांनी बुजलेली असतात; ती खराट्याच्या काडीने एकेक मोकळी करतात. याच्या उलट तऱ्हाही असते: पाणी चढते, मोटर घूं घूं करते, पण पंखा हलत नाही. याचे निदान गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे, कंडेन्सर गेला. नवा आणायला पाटणी चौकापर्यंत उन्हात जाण्यापेक्षा काका जाळीतून लाकडी पट्टी घालून पात्याला एक धक्का देतात आणि पंखा चालू पडतो. हा उपाय तात्पुरता असतो. तो तीन उन्हाळे चालतो.

"मेकॅनिकले बलावा न वो एकदा," काकू आतून म्हणतात.

"त्याले काय समजते? थो आला का पयले मोटरच बदला म्हनते."

काकू आत, गार हवेत असतात. नातवंडे आत, मांजर आत. काका मात्र बाहेर, भिंतीला पाठ लावून स्टुलावर, डोक्यावर दुपट्टा, कानाने पंपाचा आवाज तपासत. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या साहेबांनी हिंदुस्थानातल्या उन्हाळ्यासाठी थर्मँटिडोट नावाचे एक धूड काढले होते. मोठी लाकडी पेटी, आत हाताने फिरवायचा पंखा, बाजूला वाळ्याच्या ओल्या ताट्या. साहेब बंगल्यात गारव्याला आणि पंखा फिरवणारा बाहेर उन्हात. पुढे वीज आली, मोटर आली, साहेब गेले. बाहेर उन्हात एक माणूस लागतो ही अट काही सुटली नाही.  

काकांचा एक दुखरा कोपरा म्हणजे अकोला. वाशिम अकोल्यापेक्षा उंचावर, त्यामुळे पारा सहसा दोन-तीन अंश मागेच राहतो. टीव्हीवर अकोल्याचे ४५ झळकले की काका खिन्न होतात. आपल्या कूलरला तोलाचा शत्रू मिळाला नाही, असे काहीतरी त्यांना वाटत असावे. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की जरा उभारी येते.

पण मृग बरसतो. सोयाबीनची पेरणी सुरू होते, हवा ओली होते आणि तोच कूलर तेच पाणी पिऊन खोलीत नुसता दमटपणा फेकतो. बाहेर ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली तर वाफ होणार कुठे? दोन-तीन अंशांपलीकडे काही उतरत नाही. ज्यांनी एप्रिलभर हे गणित गल्लीला शिकवले, तेच काका जूनमध्ये मात्र पंप बदलून पाहतात, पाण्यात बर्फ टाकतात, ताट्या उलट्या करून बसवतात. विज्ञान खरे, पण कूलर बंद करा असे विज्ञानाने सांगितले की काकांना ते परके वाटू लागते.

टाकीतले पाणी तसेच राहते. आरोग्य खात्याच्या आशाताई दारी येऊन टॉर्च मारतात, वळवळणाऱ्या अळ्या दाखवतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून उडायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, टाकी रिकामी करून घासून सुकवा, असे त्या सांगतात. काका गंभीर होऊन मान डोलावतात. एकबुर्जी धरणाचे पाणी नळाला कधी येईल याचा भरवसा नसताना भरलेली टाकी ओतून द्यायची, हे त्यांच्या जिवावर येते. तरी ते ओततात, आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून कढीपत्त्याला घालतात. यात त्यांच्याशी भांडण नाही.

भांडण आहे ते एकाच गोष्टीवर. या माणसाला पंपाच्या आवाजावरून आजार कळतो, पण कूलरची पिन त्याच्या लेखी शोभेची वस्तू असते. तिसरी, जाडी पिन बोर्डात बसत नाही म्हणून त्याने ती केव्हाच कापली आहे. नाहीतर पिनच नाही; वायरीची दोन उघडी टोके बोर्डात खुपसून वर आगपेटीच्या काड्या ठोकलेल्या. पत्र्याचे अंग, तळाशी पाणी, ओली फरशी आणि अर्थिंगचा पत्ता नाही. "जरा झिनझिन्या येते, बाकी काई नाई," असे काका हसून सांगतात. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसे दगावल्याच्या बातम्या छापून येतात, आणि महावितरण दरवर्षी सावधगिरीचे आवाहन करते.

तेव्हा तुमच्या गल्लीत असे काका असतील तर त्यांना मार्चमध्येच गाठा. मेमध्ये त्यांच्याकडे रांग असते. ताट्या, पंप, कंडेन्सर सगळे त्यांच्यावर बिनधास्त सोपवा. अर्थिंग मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, तीन पिनांचा प्लग लावा, आणि टाकीत पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिन बोर्डातून काढा.