हात धुऊन या!

‘काही कविता’ १९४७ साली आलं आणि मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. आज त्याच पुस्तकाची पहिली आवृत्ती काचेच्या कपाटात सोवळ्यात बसते. कामाठीपुऱ्याचं जग मांडणारा नामदेव ढसाळांचा १९७२चा ‘गोलपिठा’ तर प्लास्टिकच्या पिशवीत. बघायचा असेल तर आधी हात धुऊन या म्हणतात! संग्राहकाला विचारावं, कविता कशा वाटल्या? उत्तर येतं, “बांधणी मूळची आहे, मलपृष्ठ शाबूत.” वाचलं की पान मळतं, मळलं की भाव उतरतो. व्यवहार चोख.

असल्या माणसाला एकदा बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावर, धाकट्या पंढरीला न्यायला हवं. एखाद्या टाळकऱ्याच्या पिशवीतली गाथा बघून त्याला घेरी येईल. कोपरे दुमडलेले, पानांवर बुक्क्याची बोटं, पुठ्ठा चिकटपट्टीवर तगलेला. आवृत्ती कितवी, हे कळायला सुरुवातीचं पान तरी जागेवर हवं ना! टाळकऱ्याला विचारून उपयोग नाही. अभंग पाठ असल्यामुळे तो पुस्तक उघडतच नाही. म्हणजे न उघडण्यात दोघेही सारखेच. भाव मात्र एकाच्याच पुस्तकाला.